पांढऱ्या डोक्याची खूण

काकूंचे केस पस्तिशीतच पांढरे व्हायला लागले. आधी भांगाच्या दोन्ही बाजूंना, मग कानशिलांवर, आणि चाळिशी यायच्या आत सगळं डोकं पिंजलेल्या कापसासारखं झालं. त्यांच्या आईचंही तसंच झालं होतं, त्यामुळे त्यांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. नवरा शाळेची बस चालवायचा. मुलं त्यांना बसकाका म्हणायची, म्हणून या आपोआप काकू झाल्या आणि पुढे सगळ्या गल्लीच्या झाल्या. बसकाका लाडात आले की त्यांना "म्हातारे" म्हणून हाक मारायचे. "आत्तापासून सवय करून ठेवतो," म्हणायचे, "पुढे जड जायला नको." काकू हसायच्या.

आता काकू एकावन्न वर्षांच्या होत्या. त्या पडद्यांच्या दुकानात कामाला होत्या. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायचे आणि उरलेल्या वेळात मशीनवर बसायचं. त्यातलं मापांचं काम त्यांच्या विशेष आवडीचं. नवनवी घरं बघायला मिळायची, चार माणसांशी बोलणं व्हायचं, आणि खिडकीकडे नुसतं बघून चुण्या किती पडतील ते सांगितलं की गिऱ्हाईक चकित व्हायचं.

मग एके दिवशी चौथ्या मजल्यावरच्या एका घरात त्या स्टुलावर चढून टेप लावत असताना त्या घरच्या बाई म्हणाल्या, "अहो आजी, उतरा बघू खाली. पडलात तर माझ्या डोक्याला ताप."

बाई त्यांच्याच वयाच्या होत्या. फार तर वर्षभराने लहान. फक्त केस काळेभोर होते. काकूंनी माप पूर्ण केलं आणि खाली उतरल्या. पण बाईंनी दुकानात फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "काकू, आता तुम्ही मशीनवरच बसा. वय झालं की माणसानं बसून काम करावं. मापांना नवीन मुलीला पाठवू."

हे मात्र काकूंच्या जिव्हारी लागलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून शिलाई मारायची या कल्पनेनेच त्यांना कोंडल्यासारखं झालं.

केस रंगवायचे तर घरचीच सोय होती. नणंदेचं पलीकडच्या गल्लीत दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. दहा वर्षं ती मागे लागली होती, "वहिनी, एकदा तुमचं डोकं माझ्या हाती द्या." आणि दहा वर्षं काकूंचं एकच उत्तर होतं, "माझं डोकं ठिकाणावर आहे, ते तिथेच राहू दे." आता कोणत्या तोंडाने जायचं? म्हणून काकू तीन गल्ल्या ओलांडून, जिथे कोणी ओळखीचं नव्हतं अशा औषधांच्या दुकानात गेल्या आणि बोटाने दाखवून एक खोका विकत घेतला. त्यावर लिहिलं होतं, नैसर्गिक काळा.

काकू मुळात घाबरट. खोक्यातला कागद त्यांनी तीनदा वाचला. कागदात लिहिल्याप्रमाणे कानामागे थेंबभर रंग लावून दोन दिवस थांबल्या आणि त्या दोन दिवसांत पन्नास वेळा आरशात कान वाकवून पाहिला. काही झालं नाही. रविवारी दुपारी बसकाका गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेले, तेव्हा त्यांनी न्हाणीघराची कडी लावली. खांद्यावर जुना टॉवेल, कपाळाच्या कडेने व्हॅसलीन, हातात ढगळ मोजे. वाटीत कालवलेल्या मिश्रणाचा वास नाकात झोंबला. कागदावर तीस मिनिटं लिहिली होती. तिसाव्या मिनिटाला त्यांना वाटलं, इतक्या पांढऱ्या केसांना एवढ्याने काय होणार, म्हणून आणखी वीस मिनिटं ठेवला. धुतल्यावर आरशात जे दिसलं त्यात नैसर्गिक काही नव्हतं. डांबरासारखा काळा रंग, त्याखाली फिकट पडलेला चेहरा आणि दोन्ही कानांच्या पाळ्या शाईत बुडवल्यासारख्या. त्या पाळ्या त्यांनी अर्धा तास साबणाने घासल्या. मग केस वाळवले, विंचरले, पुन्हा पाहिलं. वाईट नव्हतं. अनोळखी होतं, पण वाईट नव्हतं.

सहा वाजता बसकाका आले. काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मुद्दामच वळल्या नाहीत. काय म्हणतात ते ऐकायचं होतं.

बसकाका दारात थांबले. मग अदबीने म्हणाले, "नमस्कार. बसा ना, उभ्या का? ही कुठे बाहेर गेली का?"

काकूंना हसू फुटलं. वळून म्हणाल्या, "ही इथेच आहे. पुरे झाली चेष्टा."

बसकाका मोठ्याने हसले, जरा जास्तच मोठ्याने. "छान दिसतेस की. ओळखलंच नाही बघ."

काकूंनी पाणी दिलं. पेला घेताना त्यांच्या हातून थोडं पाणी सांडलं. दमले असतील, असं काकूंना वाटलं.

सोमवारी दुकानदाराने नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, दहा वर्षांनी लहान झालात." दुपारी त्याने मापांसाठी दोन पत्ते दिले. काकूंनी ते पत्ते पर्समध्ये ठेवले आणि जिना उतरताना स्वतःशीच हसल्या. इतकं सोपं होतं तर.

मंगळवारी संध्याकाळी भाजी आणायची हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. काकू दुकानातून, बसकाका गाडी लावून, आणि साडेपाचला मंडईच्या फाटकाशी भेट. त्या दिवशी काकू थोड्या आधी पोचल्या आणि फाटकाच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. बसकाका समोरून येताना दिसले. काकूंनी हात वर केला. बसकाकांनी सरळ त्यांच्याकडे पाहिलं आणि तसेच पुढे गेले.

काकूंना वाटलं, पुन्हा चेष्टा. त्या हाक मारणार तोच बसकाका फळांच्या गाडीपाशी थांबले. तिथे एक म्हातारी बाई पाठमोरी उभी होती, डोक्यावर पांढराशुभ्र अंबाडा. बसकाका तिच्यापाशी गेले, तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, "चल. आज लवकर आलीस."

"अहो, माझी पिशवी," बाई किंचाळल्या.

आजूबाजूची माणसं वळली. एक जण पुढे सरसावला. काकू धावल्या. बसकाका पिशवी हातात धरून उभे होते, तोंड अर्धवट उघडं. काकूंनी हाक मारली तेव्हा त्यांनी मान वळवली, पण नजर काकूंच्या चेहऱ्यावर आली नाही. ती कानाच्या बाजूला कुठेतरी थांबली.

काकूंनी बाईंची माफी मागितली. बाई भल्या होत्या. "होतं असं गर्दीत," म्हणाल्या. भाजी न घेताच दोघं परत निघाले. वाटेत बसकाका म्हणाले, "ऊन डोळ्यांवर होतं गं."

ऊन त्यांच्या पाठीवर होतं.

चालता चालता त्यांना एकेक गोष्ट आठवू लागली. गेले कित्येक महिने बसकाका चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचे. पेपर त्यांच्याकडून वाचून घ्यायचे, वर म्हणायचे, तुझा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा आहे. काकू खूश व्हायच्या. टीव्हीसमोर खुर्ची तिरकी ठेवून बसायचे. रक्तातल्या साखरेच्या गोळ्या आणि दाबाच्या गोळ्या, दोन्हींच्या पाकिटांवरून अंगठा फिरवून मग एक फोडायचे. मध्ये एकदा सासरी असलेल्या मुलीचा फोटो आला होता, तो हातात धरून "मस्त आलाय" म्हणाले होते, आणि फोटो उलटा होता. तेव्हा दोघंही हसले होते.

घरी आल्यावर बसकाका खुर्चीत बसले आणि गाडीच्या मागच्या टायरबद्दल बोलायला लागले. काकू त्यांच्या समोर, हातभर अंतरावर बसल्या. त्यांनी बसकाकांकडे एकटक पाहिलं आणि लहान मुलं काढतात तशी जीभ बाहेर काढली.

बसकाका टायरबद्दल बोलत राहिले.

काकूंनी डोळे तिरळे केले, गाल फुगवले. बसकाका म्हणाले, "नवीन टायर टाकायला हवा, पण ऑफिसात ऐकतं कोण."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेही त्यांना दिसलं नाही. ऐकू मात्र आलं. "काय झालं?" ते म्हणाले.

"मी काय करतेय सांगा."

बसकाकांनी मान जरा तिरकी केली.

"मी मघापासून तुमच्यासमोर माकडासारखी तोंडं करतेय," काकू म्हणाल्या. "कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

बसकाका म्हणाले, "दिसतं. कडेचं सगळं दिसतं. जिथे बघावं नेमकं तिथेच दिसत नाही. काचेवर कुणी तेलाचा अंगठा उमटवावा तसं. वर्ष झालं असेल."

"आणि दर वर्षीची तपासणी?"

"तक्त्यावरची अक्षरं पाठ केली. रांगेत पुढचा माणूस म्हणत होता, ती ऐकून." ते मान खाली घालून बोलत होते. "रस्ता तोच आहे गं. एकोणीस वर्षं तोच रस्ता. खड्डेसुद्धा तोंडपाठ आहेत. दिवा लाल की हिरवा ते वरचा लागलाय की खालचा यावरून कळतं. मुलं आवाजावरून कळतात. तू डोक्यावरून कळायचीस. कितीही गर्दी असो, ते पांढरं डोकं दिसलं की मला धीर यायचा. रविवारी घरात काळ्या केसांची बाई बघितली आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. म्हटलं, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो."

काकूंचा हात आपसूक केसांकडे गेला.

"तू परत पांढरी हो," बसकाका म्हणाले. "दोन वर्षं फक्त. मग निवृत्तच होतोय. दोन वर्षं निभावून नेऊ."

काकू उठल्या. त्यांनी नेमकं काय केलं हे पुढे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. घाबरलेलं माणूस हाताला येईल ते करतं, तसं झालं. कोंड्याच्या शाम्पूने रंग जातो असं दुकानातली मुलगी कधीतरी म्हणाली होती. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून लावल्या तरी उतरतो, असंही. घरात दोन्ही होतं. त्यांनी बत्त्याने गोळ्यांची पूड केली, शाम्पूत कालवली, डोक्याला थापली आणि न्हाणीघरात बसून राहिल्या. धुतलं. तपकिरी पाणी वाहत गेलं, बरंच गेलं. आरशात पाहिलं तर डोकं होतं तसंच काळं. पुन्हा लावलं. भांड्यांचा साबण घेतला. टाळूची आग व्हायला लागली, नखांत काळं बसलं, आणि तरी त्या घासत होत्या. आणि घासता घासता त्यांचे हात थांबले.

आपण हे कशासाठी करतोय? यांना मंडईत आपण सापडावं म्हणून? की उद्या सकाळी यांना गाडी चालवता यावी म्हणून?

डोक्याला पंचा गुंडाळून त्या बाहेर आल्या. "उद्या जाऊ नका," म्हणाल्या. "आजारी आहे म्हणून कळवा."

"आयत्या वेळी बदली माणूस मिळत नाही. बावीस मुलं रस्त्यावर उभी राहतील."

"मग मी येते बसमध्ये."

"ये की," बसकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट हुरूप होता. "बघ तरी मी कशी चालवतो ते."

सकाळी सव्वासहाला काकू ड्रायव्हरच्या शेजारच्या बाकावर बसल्या. हात मांडीवर घट्ट धरलेले. बसकाकांनी गाडी काढली आणि खरंच, मुरलेल्या हाताने काढली. पहिल्या थांब्यावर नेमक्या दारासमोर थांबले. एक मुलगा चढताना नाक ओढत होता, त्याला म्हणाले, "ये रे शिंकोबा." दुसऱ्या थांब्यावर दोघी बहिणी भांडत चढल्या, त्यांची नावं चुकली नाहीत. एक चिमुरडी काकूंसमोर उभी राहून त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली. "काकू, तुमचे केस कोणी बदलले?" काकूंनी तिला समोरच्या बाकावर बसवलं.

प्रत्येक वळणाला काकूंचा श्वास अडकायचा आणि प्रत्येक वळण सुखरूप पार पडायचं. सायकलवाला आला, बसकाकांनी त्याला जागा दिली. दिवा लाल झाला, गाडी थांबली. नवव्या थांब्यानंतर काकूंच्या मनात चोरपावलांनी विचार आला, की कदाचित खरंच निभेल. यांना तर येतंय की. आपणच उगाच घाबरतोय.

पुढे रस्ता सरळ होता. लांबवर, रस्त्याच्या मधोमध, कोणीतरी बसलेलं काकूंना दिसलं. खड्डा बुजवणारी एक कामकरीण. धुळीने माखलेले मळके कपडे, रस्त्याच्याच रंगाचे, आणि ती उकिडवी बसून हाताने खडी पसरत होती. काकूंनी बसकाकांकडे पाहिलं. ते समोर बघत होते. आता वेग कमी करतील, असं त्यांना वाटलं. करतील. करतील आता.

वेग कमी झाला नाही.

"थांबा," काकू ओरडल्या. "माणूस आहे, थांबा."

ब्रेक इतक्या जोरात लागला की मागची दप्तरं घरंगळत पुढे आली. गाडी थांबली तेव्हा कामकरीण आणि बंपर यांच्यामध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर होतं. बाई हळूच उठली, गाडीकडे पाहिलं, घमेलं उचललं आणि कडेला जाऊन खाली बसली. ती चिमुरडी समोरच्या दांड्यावर आपटली होती. तिचा ओठ फुटला होता, आणि ती रडायच्याही आधी हाताला लागलेल्या रक्ताकडे आश्चर्याने बघत होती.

काकूंनी तिला जवळ घेतलं, पदराने ओठ दाबला. बसकाकांचे हात अजून स्टिअरिंगवर होते.

"मला तिथे कोणी दिसलंच नाही," ते हळू म्हणाले, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मला दिसत होतं," काकू म्हणाल्या. "मी बघत बसले, तुम्हाला दिसतंय का ते."

बसकाकांनी इंजिन बंद केलं. गाडी तिथून इंचभरही पुढे नेणार नाही म्हणाले. काकूंच्याच फोनवरून शाळेच्या ऑफिसात कळवलं. दुसरी बस यायला चाळीस मिनिटं लागली, तोवर मुलं आतच बसली आणि बसकाका बाहेर, पुढच्या चाकाला पाठ टेकून. दुसऱ्या बसबरोबर गाड्यांचे प्रमुख आले. तेही पूर्वी ड्रायव्हरच होते. बसकाकांनी त्यांच्या हातात किल्ली दिली आणि काय ते सांगितलं.

"कधीपासून?" प्रमुखांनी विचारलं.

"वर्ष झालं."

प्रमुखांनी एकेक करून दुसऱ्या गाडीत चढणाऱ्या मुलांकडे पाहिलं. ते आणखी काही बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं.

संध्याकाळी त्या चिमुरडीची आई घरी आली. ऑफिसातून थेट आली होती, खांद्याला पर्स तशीच. काकूंनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"तुम्हाला माहीत होतं दिसत नाही ते?" तिने बसकाकांना विचारलं.

"हो."

"आणि तरी रोज माझ्या मुलीला न्यायचात."

"हो."

मग ती काकूंकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची सोय होती. सकाळीच कळलं, असं म्हणता आलं असतं. "काल संध्याकाळी," काकू म्हणाल्या.

"म्हणजे आज गाडीत बसलात तेव्हा माहीत होतं."

"हो. माहीत होतं."

ती बाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. "दोन टाके पडलेत," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. दार उघडंच राहिलं. ते लावायला दोघांपैकी कोणीही बराच वेळ उठलं नाही.

पुढे चौकशी झाली. परवाना जमा झाला, नोकरी गेली. निवृत्तीच्या दिवशी मुलं गाडीला फुगे लावतात, ते तर आता दूरच राहिलं. शेजारपाजारचे लोक तोंडावर गोड बोलत आणि पाठ वळली की कुजबुजत. काकूंना दुकानातही प्रत्येक फोनची धास्ती वाटायची. कोणीतरी दुकानदाराला सांगेल, हीच ती, असं वाटायचं. रात्री डोळे मिटले की खडी पसरणारा तो हात दिसायचा.

बातमी नणंदेच्या कानी गेली तशी ती धावत आली. भावाशेजारी बसून आधी पोटभर रडली, मग त्याच्यावर चिडली, "दादा, मला एका शब्दाने सांगायचंस." मग तिचं लक्ष काकूंच्या डोक्याकडे गेलं. काळ्या रंगावर भांगापाशी तपकिरी ठिपके पडले होते, टाळू लाल झाली होती आणि केस झाडूसारखे राठ. काकूंना वाटलं, आता ही दहा वर्षांचं उट्टं काढणार. नणंद म्हणाली, "चला वहिनी. दुकान बंद करून बसवते तुम्हाला."

पार्लरचं शटर अर्ध्यावर ओढून तिने काकूंना खुर्चीत बसवलं. रंग काढायचं औषध लावलं. सडक्या अंड्यांचा वास सगळीकडे पसरला.

"एका दिवसात पांढरे होणार नाहीत हं," नणंद म्हणाली. "काळं करणं सोपं असतं, परत आणणं कठीण. अजून एकदा लावलं तर तुटून हातात येतील."

"दिसतील कसे?"

"आत्ता? गंजलेल्या पत्र्यासारखे."

धुऊन झाल्यावर काकूंनी आरशात पाहिलं. तिने तंतोतंत सांगितलं होतं. वर पिवळट, खाली तांबडे, मध्ये मध्ये काळसर. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांना जे हसू सुटलं ते आवरेना. नणंदही हसायला लागली. हसता हसता दोघींचे डोळे भरून आले.

"कापून टाक," काकू म्हणाल्या. "चार बोटं ठेव. खालून पांढरे येतील तसे येऊ देत."

"नक्की? दुकानात काय म्हणतील?"

"म्हणू देत. कोणी आजी म्हटलं तर म्हणू देत. स्टूल घट्ट धरा म्हणून सांगेन."

घरी गेल्यावर बसकाका मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने, त्यांच्याकडे बघत राहिले. "हे काय आहे?" म्हणाले. "दिवा लावलाय का डोक्यावर?"

"दिसतेय ना?"

"गल्लीच्या टोकावरून दिसशील." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तू माझ्यासाठी नको होतंस करायला. मी तुला भलत्याच कामासाठी सांगितलं होतं."

"माहितेय," काकू म्हणाल्या. "त्या कामासाठी नाही केलं."

डोळ्यांच्या दवाखान्यात दोघं पहिल्यांदा गेले तेव्हा काकू फॉर्म भरायला खिडकीपाशी गेल्या आणि परत येऊन बघतात तर बसकाका जागेवर नाहीत. शोधल्यावर दोन रांगा पलीकडे सापडले. तिथे पांढऱ्या केसांच्या पाच-सहा म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या, आणि हे त्यांच्यासमोर, कोणाला विचारावं या विचारात, गोंधळून उभे. म्हणजे केस पांढरे असते तरी इथे काही उपयोग नव्हता. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि त्या दिवसापासून बाहेर कुठेही त्यांचा हात सोडायचा नाही असं ठरवलं.

डॉक्टरीण तरुण होती. तपासून म्हणाली, "पडद्याला सूज आहे. साखरेमुळे."

काकूंच्या डोळ्यांसमोर सुजलेला, ओला पडदा आला. डॉक्टरीण म्हणाली, डोळ्याच्या आतला पडदा, आणि समजावून सांगितलं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. गेलंय ते सगळं परत येणार नाही, थोडं येईल. उशीर झालाय, पण फार नाही. गाडी मात्र कधीच नाही.

"वर्षभरापूर्वी आलो असतो तर?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरीण लिहीत होती. तिने मान वर केली, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता आलात ना."

डोळ्यात सुई म्हटल्यावर बसकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या वेळी काकूंच्या हातावर त्यांच्या बोटांचे वळ उठले. दुसऱ्या वेळी कमी. तिसऱ्या वेळेपर्यंत काकूंच्या डोक्यावर दोन बोटं पांढरे केस आले होते आणि वर तांबूस टोकं उरली होती. त्या सकाळी चहा पिताना बसकाका म्हणाले, "तुझ्या नाकाशेजारी चामखीळ आहे का गं?"

"तीस वर्षं आहे."

"नाही, म्हणजे, दिसली." ते पुन्हा नीट बघत राहिले. सगळा चेहरा दिसत नव्हता. नाक, चामखीळ आणि एक गाल एवढंच, आणि तेही धुरकट. काकू कप हातात धरून, अजिबात न हलता बसून राहिल्या, हललं तर जाईल असं वाटून.

त्या दिवशी दवाखान्यात जायला त्यांनी शहराची बस घेतली. बसकाकांना खिडकीपाशी बसवून काकू शेजारी बसल्या. प्रवासी म्हणून बसकाकांना बसता येत नसे. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक नव्हता तिथे.

"हा फार जवळून चालवतोय," ते कुजबुजले.

"चालवू दे. त्याला दिसतंय."

बस थांबली. बसकाका अस्वस्थ झाले. "लाल आहे का?"

"हिरवा आहे."

"मग थांबला का?"

काकूंनी मान उंचावून पुढे पाहिलं. "कोणीतरी रस्ता ओलांडतंय," त्या म्हणाल्या. "हळूहळू चालतंय."

बसकाकांनी पाय उचलून घेतला आणि ते माणूस पलीकडे पोचेपर्यंत दोघं गप्प बसले.